नऊ नंबरचा चषक

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त व्यावसायिक बास्केटबॉलपटू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणतात, त्याने कायद्याला फरक पडत नाही. कोणाचा दबाव नाही. कंटाळा मात्र भरपूर आहे.

१. राहते घर पत्नीला. माझ्या उंचीसाठी सुताराकडून लांब करून घेतलेला पलंगही तिचाच. तिने तो खुशाल कापून घ्यावा.

२. पदके, विजेतेपदाच्या दोन अंगठ्या आणि संघाच्या सह्यांचा चेंडू मुलीला. लहानपणी ती माझ्या बुटात बाहुली झोपवायची. माझ्या वस्तूंचा इतका चांगला उपयोग पुढे कोणी केला नाही.

३. मोटार मुलाला. बक्षिसांपैकी त्याला काहीही नाही. त्याने मला न विचारता कपाटाचे फोटो एका संग्राहकाला पाठवले. तेव्हापासून तो गृहस्थ दर आठवड्याला फोन करून माझी तब्येत विचारतो. मी बरा आहे म्हटले की त्याचा आवाज पडतो. मुला, राग नाही. पण बाप अजून जिवंत आहे, एवढे तरी बघायचेस.

४. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा चषक. संग्राहकाचा डोळा यावरच आहे, आणि तो माझा नाही.

तिसऱ्या सत्रात घोटा मुरगळून मी बाकावर बसलो होतो. आमच्या संघातल्या खिळ्याच्या (अंगाने तसाच, म्हणून हे नाव) नाकावर कोपर बसले आणि त्याची जर्सी रक्ताने भरली. रक्ताच्या जर्सीत खेळू देत नाहीत. जादा जर्सी नव्हती, म्हणून मी माझी नऊ नंबरची काढून दिली. गुणलेखकाला कळवायचे काम मॅनेजरचे; गडबडीत ते राहून गेले. त्या सत्रातले खिळ्याचे अकरा गुण माझ्या नावावर चढले. चौथ्या सत्रात त्याने आपली जर्सी नळाखाली धुऊन ओलीच घातली आणि मी पट्टी बांधून माझ्या जर्सीत उतरलो.

माईकवर माझे एकूण गुण ऐकताच मला चूक कळली. बोलायला हवे होते. मी पुढे जाऊन चषक घेतला. त्याच्या जोरावर मोठ्या संघाने मला उचलले. खिळा पुढच्या वर्षी वगळला गेला आणि जन्मभर टायरच्या दुकानात राबला. मला याची लाज वाटते. ~~माझ्या पश्चात हा चषक खिळ्याला द्यावा.~~

खाडाखोडीचा खुलासा: हे वाचून बायको म्हणाली, "मेल्यावर कशाला? तोंड दाखवायला नको म्हणून?" खरेच होते ते. मी खिळ्याला बोलावून घेतले. त्याने चष्मा लावून कलम दोनदा वाचले.

"चषक नको मला. साक्षीला कोण आहे?"

"ज्याला यातून काही मिळतंय, त्याने साक्षीदार होऊ नये," वकीलसाहेब म्हणाले.

"मग ती ओळ खोडा. बाकी सगळं राहू द्या. सही मी करतो."

म्हणून ओळ खोडली, हकीकत ठेवली. चषक मुलीकडे राहावा; विकायचाच झाला तर या कलमाच्या नकलेसह विकावा.

ठिकाण: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक: १२ मार्च, दुपारी चार

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: (सही) शेजारचे दंतवैद्य

साक्षीदार २: (सही) खिळा
सहीखाली त्याच्याच अक्षरात: "अकरा नाही, तेरा."