अंगठ्याची पारख

तीर्थरूप आईस,
डोंगरावरून वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर काळजी करू नकोस. गार पाण्याने बोटं जरा फुटलीत, एवढंच.

आता बातमी. इथे कॉफीच्या फळांची साल काढून बिया हौदात ठेवतात. त्यांचा बुळबुळीतपणा सुटला की लगेच धुवायच्या. उशीर झाला तर चव आंबते, सगळा माल वाया. ती वेळ कोण ठरवतं? तुझा लेक. मी मूठभर बिया अंगठ्याने चोळून "सोडा पाणी" म्हटलं, की खुद्द मुकादम नळ सोडायला धावतो. परवा चव तपासायला आलेल्या बाईंनी सगळ्या डोंगरात आमच्या कॉफीला पहिला नंबर दिला. "किती स्वच्छ चव," म्हणाल्या.

मी घासलेल्या प्रत्येक भांड्यावर तू अंगठा फिरवायचीस आणि "ओशट आहे, परत घास" म्हणायचीस. तेव्हा फार राग यायचा.

बाबांचा गुडघा कसा आहे? ते खरं सांगणार नाहीत, तूच कळव.

सोबत त्याच बियांची पुडी पाठवतोय, भाजलेली. एवढी मात्र पुन्हा धुऊ नकोस.

तुझा,
धाकटा