बाबा म्हणजे फक्त मी

सोमवार, ३ फेब्रुवारी
ठकी दीड वर्षाची झाली आणि आज पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाली! स्पष्ट, खणखणीत. संध्याकाळी सहाला तिला न्यायला मी आईबाबांच्या दारात उभा होतो. (ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली राहतात. दिवसभर ठकी त्यांच्याकडे.) मी हात पसरले. ती मला वळसा घालून, माझ्यामागून जिना चढत येणाऱ्या माझ्या बाबांच्या पायाला बिलगली.
डोळे तपासून घ्यावेत का?

मंगळवार, ४ फेब्रुवारी
डोळे उत्तम. बायको म्हणते, तुझ्या वडिलांना तू सारखं बाबा बाबा करतोस, मग पोरगी काय म्हणणार? पटलं नाही. दोष सिस्टिमचा आहे. आईबाबांकडे प्रेम भरपूर, प्रोसेस शून्य. मी चौदा वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी बघतोय. माझ्या हाताखालून एकही गळकं झाकण बाहेर गेलेलं नाही. (एकदा गेलं. तो लॉटच वेगळा होता.)
निश्चय: नियमावली करायची. महिन्याअखेर ठकी मला बाबा म्हणणार म्हणजे म्हणणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
नियमावली तयार. एकवीस नियम. लॅमिनेट करून खाली फ्रिजवर लावली.
नियम १: बाबा म्हणजे फक्त मी. त्यांनी स्वतःला आजोबा म्हणवून घ्यावे.
नियम ४: बोबडे बोलू नये. कुत्र्याला कुत्रा म्हणावे, भूभू नव्हे.
नियम ११: बिस्किट आठवड्यातून एक.
नियम १७: थोपटू नये. मूल आपले आपण झोपते.
आई म्हणाली, चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही. चष्मा डोक्यावर होता. बाबांनी मात्र शेवटपर्यंत वाचलं आणि नवव्या नियमातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. मग आईने विचारलं, तुला आम्ही असंच वाढवलं, काय वाईट झालं तुझं? एवढं बोलून तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विषय बदलला.

सोमवार, १० फेब्रुवारी
कारखान्यातले लाल ‘रिजेक्ट’ स्टिकर आणले. बिस्किटांच्या डब्यावर एक, टीव्हीच्या रिमोटवर एक, साखरेच्या बरणीवर दोन. शिवाय रोजचा तक्ता: खाणे, झोप, नवे शब्द, शेरा. बाबांनी आजच्या शेऱ्यात लिहिलं, ‘हवा छान होती.’
नवे शब्द या रकान्यात: ‘नाही.’

मंगळवार, ११ फेब्रुवारी
साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, पाठीवर काय चिकटवून हिंडताय? सकाळी ठकीला कडेवर घेऊन खाली सोडलं होतं, तेवढ्यात तिने डाव साधला असणार. सकाळपासून मी ‘रिजेक्ट’ होतो. एकालाही ते सांगावंसं वाटलं नाही, याची नोंद घेतली आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
चार दिवसांचा तक्ता तपासला. ‘नाही’ वाढतोय. वेळ साधारण सहाच्या सुमारास. निष्कर्ष उघड आहे: खालच्या घरातलं वातावरण नकारात्मक. सहापर्यंत पोर कंटाळून जाते आणि साठलेलं बाहेर पडतं.
नियम २२ वाढवला: ठकीसमोर ‘नाही’ हा शब्द वापरू नये. आई म्हणाली, आम्ही कुठे वापरतो? मी म्हणालो, नाही, नाही, वापरताच तुम्ही. बाबा खिडकीबाहेर बघत हसले. त्यांना मी सहसा क्षमा करतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन अचानक तपासणी केली. बाबा सोफ्यावर आडवे. त्यांच्या पोटावर ठकी. दोन्ही हातांत बिस्किटं. दोघं मिळून खिडकीतून भूभूला हाका मारत होते. माझा आवाज चढला. नाही, बाबा, नाही! बिस्किट नाही! भूभू नाही! असं काहीसं बोललो.
आईने शांतपणे फ्रिजवरची नियमावली काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, उद्यापासून तूच सांभाळ. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
थोडक्यात, आईबाबांनी थोडी विश्रांती घ्यावी असं मी ठरवलं आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
दोन दिवसांची रजा टाकली. बायको कामावर जाताना फार वेळ हसत होती.
९.०० नियमावली वरच्या फ्रिजवर. मन प्रसन्न.
९.४० खिडकीतून कुत्रा दिसला. मी म्हणालो कुत्रा. ती म्हणाली भूभू. मी कुत्रा, ती भूभू. कुत्रा कंटाळून गेला.
१०.३० दूध सांडलं. नाही म्हणालो.
१०.३५ माझा बूट चाटला. नाही, नाही म्हणालो.
१२.०५ एक बिस्किट. आठवड्याचा कोटा.
१२.१५ दुसरं. पुढच्या आठवड्याचा.
१.३० आपली आपण झोपत नाही. थोपटलं. फक्त आजच्यापुरतं.
२.१० जाग आली. मला. ती जागीच होती, नियमावलीचा कोपरा चावत.
३.०० मार्चअखेरपर्यंतची बिस्किटं संपली.
४.०० दाराला गाल लावून बसली आहे. बाबा, बाबा करतेय. मी समोर बसून सांगितलं, बाबा इथेच आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाराकडे वळली. वाईट वाटलं. ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: फारच वाईट वाटलं.
४.१० तिला घेऊन खाली गेलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी
काल खाली गेलो ते केवळ पाहणीसाठी. आईने ठकीला घेतलं आणि मला चहा दिला. कप संपता संपता मी विचारलं, निदान ते ‘नाही’ तरी कुठून शिकली?
आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे. शेवटी आईने सांगितलं. सहा वाजत आले की ठकी दाराशी जाऊन बसते. जिन्यात माझे बूट वाजले की टाळ्या पिटते आणि ओरडते, ‘नाही आला! नाही आला!’ बाबा म्हणाले, अरे, ते तुझं नाव आहे. दारात पाऊल टाकल्यापासून तू दुसरं बोलतोस काय? आठवडाभर दोघांना ठाऊक होतं. तुला लागेल म्हणून बोललो नाही, म्हणाले.
मी म्हणालो, नाही, मला कशाला लागतंय. कप विसळून ठेवला.
ती दाराशी बसते, हे मात्र मला कोणीच सांगितलं नव्हतं. तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

गुरुवार, २० फेब्रुवारी
ठकी आजपासून पुन्हा खाली. नियमावली वरच राहिली. निश्चय: ‘नाही’ म्हणायचं नाही. (वाक्यरचना सुधारावी.)
संध्याकाळी जिना चढताना मोठ्याने म्हणत गेलो, बाबा आला, बाबा आला! माझे बाबा घाईघाईने बाहेर आले आणि विचारलं, काय झालं रे? त्यांच्या पायांमधून ठकी निसटली आणि दोन्ही हात वर करून माझ्याकडे धावत सुटली. ‘नाही! नाही!’ वरून उतरणाऱ्या शेजारीणबाई थांबून म्हणाल्या, पोरगी तुमच्याकडे यायला एवढी का घाबरते हो?
ठकीने पुन्हा हाक मारली.
मी ओ दिली.