बटईचं व्याज

गुरुजी, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि तुम्हाला लिहायला मी आज बसले आहे. तुमच्या एका वाक्याचा धक्का अजून उतरलेला नाही. माणूस सगळ्याला सरावतो म्हणतात. मी नाही सरावले.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट असेल. लाखनीच्या पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर मी नुकतीच लागले होते. तुम्ही धोतराचा सोगा सावरत माझ्यासमोर बसला आहात. सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत काढलेली, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि आता हमरस्त्यापासून जरा आत घेतलेल्या जागेवर स्वतःचं घर बांधायचं आहे. त्यासाठी जागा आणि होणारं घर, दोन्ही संस्थेकडे गहाण. व्याजाचे दोन प्रकार मी सांगते: एकात दर शेवटपर्यंत ठरलेला, पण जरा जास्त, दुसऱ्यात आज कमी, पुढे संस्था बदलेल तसा बदलणार. तुम्ही लगेच हसता. "म्हणजे एक ठेका न एक बटई. एकोडीची धानाची बांधी मी जन्मभर बटईनंच देऊन राहिलो, पोरी. पिकलं त जास्त, नाही पिकलं त कमी. दोघाइले झेपते."

मी तिथेच बोलायला हवं होतं. ठेक्यात शेत कसणारा मालकाला ठरलेलं धान देतो, बटईत पिकाचा अर्धा वाटा. वाईट साल दोघं मिळून सोसतात. संस्था कुणाचं वाईट साल सोसत नाही, एवढंच तर सांगायचं होतं. पण सरळव्याज आणि चक्रवाढव्याज मला फळ्यावर शिकवलं तुम्हीच. उत्तर चुकलं की "डोकं घरी ठेवून आली काय?" म्हणून सगळ्या वर्गासमोर विचारणारेही तुम्हीच. तुम्हाला मी व्याज शिकवायचं? "तुले काय वाटते?" असं तुम्ही विचारलंतसुद्धा. मी म्हणाले, "तुम्हाला कळतंच की, गुरुजी," आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

मग ते कोरडं साल आलं. धान निसवलंच नाही, लोंबी बाहेर आलीच नाही. तुमच्या वाट्याला आलं ते कोंबड्यांना पुरेल एवढं. नेमका त्याच साली संस्थेनं दर वाढवला. तुम्ही नोटीस घेऊन आलात. रागावला नव्हतात, गोंधळला होतात. "यंदा त धान झालाच नाही. मंग हप्ता काहून वाढला?" रांगेतली माणसं हसली. मी मात्र हादरले, गुरुजी. अर्ध्या लाखनीला व्याज शिकवणारा माणूस खरंच बटई समजून सही करून गेला होता! तुम्हाला बाजूला बसवून मी कागदावरचं कलम दाखवलं. चष्मा लावून तुम्ही ते सावकाश वाचलंत. "हा कागद मी वाचलाच नव्हता," तुम्ही म्हणालात. "टेबलावर तू बसली होती ना, म्हणून नाही वाचला."

घर वाचवायला तुम्ही एकोडीची बांधी विकलीत. पुढे बाजारात भेटलात की माझ्या मुलांची चौकशी करायचात, त्या कागदाचं नाव कधी काढलं नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्ही असतात तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट मी तुम्हाला कधी कळू दिली नाही. तुमचा अर्ज भरला त्याच आठवड्यात मी माझ्या घराच्या कर्जाचाही अर्ज भरला होता. ठरलेल्या दराचा.