बांधणीला गेलेला अंक

१५ जानेवारी १९७९, सोमवार

संस्थेच्या इतिहासात आजची नोंद काळ्या चौकटीत व्हावी. तिसऱ्या मजल्यावरचा चमचा नाहीसा झाला!

चमचा एकच होता. मूठ जराशी वाकडी, टोकाला लाल ठिपका. तो ठिपका मीच नखांच्या रंगाने दिला होता, कारण दुसऱ्या मजल्यावरच्यांचा भरवसा नाही. अख्खा मजला त्या एका चमच्यावर कॉफी पीत होता. आज संगणकशास्त्रातले दोन डॉक्टर पट्टीने साखर ढवळताना पाहिले. सेगेद शहरावर याहून वाईट दिवस युद्धानंतर आला नसेल.

माझा संशय उपसंचालक आदोर्यानवर. पुरावा नाही. पण पुराव्यावाचून ठाम मत बनवायला मी त्याच्याकडूनच शिकले.

किरकोळ बातमी : ६ मार्चला निर्णयाची बैठक. एका बाजूला आदोर्यानचं लाडकं प्रकरण – मोठं यंत्र आणि त्याच्याबरोबर येणारी अजस्र ऑपरेटिंग सिस्टिम. ती सांभाळायला चाळीस माणसं लागणार, म्हणून मंत्रालयही खूश. दुसऱ्या बाजूला आम्ही चौघं. आपल्याच छोट्या यंत्रासाठी आम्ही लिहिलेली छोटी सिस्टिम. ती चालते, हाच तिचा मोठा दोष – चालणाऱ्या गोष्टीवर समिती कशी नेमणार?

हरलो तर आम्हा चौघांची रवानगी तळमजल्यावर, पगारपत्रकांच्या विभागात. तिथे खिडक्या नाहीत. चमचा तर कधीच नव्हता.

आणि कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर एकेक नाव असतं, तसं ६ मार्चवर लेओनोरा. म्हणजे माझा नामदिन, वाढदिवसाहून मोठा. फुलं आणि फाशी एकाच सकाळी!

१८ जानेवारी, गुरुवार

हुकमाचं पान सापडलं. अमेरिकेतल्या एका तांत्रिक मासिकाने आपला अख्खा विशेषांक एका ऑपरेटिंग सिस्टिमवर काढलाय. छोटं यंत्र, मोजकी माणसं, साधी रचना. आमचंच म्हणणं, फक्त छापील आणि इंग्रजीत! संचालकांची छापील इंग्रजीवर फार श्रद्धा आहे. वाचता येत नाही म्हणूनच असावी. तो अंक टेबलावर ठेवला की काम फत्ते.

आपल्या ग्रंथालयात तो येतो. लगेच खाली गेले. ग्रंथपाल पिरोश्का नेनी, सगळ्या संस्थेची मावशी, तिच्या टेबलाभोवती बरीच गर्दी, फुलांच्या कुंड्या, पोगाचाची म्हणजे खाऱ्या छोट्या पावांची परात. मी गर्दी बाजूला सारली आणि अंक मागितला.

"तो बांधणीला गेलाय, मुली. गेल्या वर्षाचे सगळे अंक गेलेत."

"मग परत मागवा. मला आत्ता हवाय."

"आत्ता?" नेनी म्हणाली. बाकीचे परातीपासून मागे सरले. तंत्रज्ञानाची निकड त्यांना पटली असावी. मी दोन पोगाचा उचलले – ऊन होते, वर चीज – आणि निघाले.

"खा, खा," नेनी मागून म्हणाली. आवाज जरा थंड वाटला. ग्रंथालयात शेगडी नीट पेटत नसावी.

१९ जानेवारी

आज सकाळी कॅलेंडरचं पान फाडलं. फाडलेल्या पानावर छापलेलं होतं – पिरोश्का.

अरे देवा. मी बाईच्या नामदिनाला गेले, तिचेच पोगाचा खाल्ले, शुभेच्छा दिल्या नाहीत, वर तिला कामाला लावलं! नवरा विसरला तर या देशात माफी मिळते. ऑफिसातला माणूस विसरला तर नाही.

आता 'बांधणीला गेलाय'चा अर्थ कळला.

२४ जानेवारी

नामदिनाच्या शुभेच्छा आठ दिवस चालतात, असं माझी आई म्हणायची. तिच्या भरवशावर चॉकलेटची मोठी पेटी घेऊन ग्रंथालयात गेले. गुलाबी सायक्लेमेनची कुंडीही.

नेनीने मला दोन्ही गालांवर पापे दिले. "अगं, कशाला एवढं!" वगैरे. मी धीर करून विचारलं, "मग... तो अंक?"

"बांधणीला गेलाय."

"नेनी, आता तरी!"

"आता तरी म्हणजे? कुंडी दिलीस म्हणून तो चालत परत येईल?"

बाई पक्की आहे. चॉकलेटची पेटी मात्र ठेवून घेतली.

अंक मिळाला असता तरी पुढे डोकेदुखी होतीच. झेरॉक्सचं मशीन लोखंडी दाराआड कुलपात. एक पान काढायचं तर दोन सह्या, त्यातली एक आदोर्यानची. म्हणजे माणसाला हरवायचं, त्यासाठी आधी त्याच माणसाची परवानगी काढायची! असो. हाताने उतरवून घेईन. माझं अक्षर चांगलं आहे.

१ फेब्रुवारी

अंक कुठे आहे ते कळलं!! आदोर्यानकडे.

आजच्या साप्ताहिक बैठकीत पेन्सिल फिरवत तो सहज म्हणाला, "अमेरिकन लोक तर आता ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा उच्चस्तरीय भाषेत लिहितात म्हणे. यंत्राच्या भाषेत नाही."

हा माणूस वर्षभर म्हणत आलाय की असं करणं पोरकटपणा आहे. त्याला हे स्वप्नात दिसलं का? बैठक संपल्यावर त्याला जिन्यात गाठलं.

"तो अंक तुमच्या खणात आहे."

"कुठला अंक, कॉम्रेड लेओनोरा?" मला चिडवायचं असलं की तो मला कॉम्रेड म्हणतो.

"इंग्रजीतला."

"मला इंग्रजी वाचता येतं, असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केला नव्हता." आणि टोपी घालून चालता झाला.

स्वतः वाचणार, मला मिळू देणार नाही, आणि ६ मार्चला त्यातली सोयीची वाक्यं माझ्यावर फेकणार. डाव उघड आहे. बरंय! मला शत्रू हुशार असलेला आवडतो, जिंकल्यावर जास्त मजा येते. चमचाही त्यानेच घेतलाय, याबद्दल आता शंका उरली नाही.

९ फेब्रुवारी

आमच्या चौघांतला गेर्गेय परिषदेसाठी व्हिएन्नाला गेला होता. तिथल्या विद्यापीठात तो अंक आहे, तिथे झेरॉक्सला सह्या लागत नाहीत, फक्त शिलिंग लागतात. मी त्याला बजावून पाठवलं होतं – सगळा अंक, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

आज आला. हातात एक कागद.

"बाकीचा?"

"नोरा, ऐक. पोरीने निळी जीन पँट मागितली होती. तिथे ती केवढ्याला मिळते तुला कल्पना आहे का?"

"किती पानं आणलीस?"

"अनुक्रमणिका आणली ना! सगळ्या लेखांची नावं आहेत त्यात."

म्हणजे भुकेल्या माणसाला खानावळीचं मेनूकार्ड! एकेक नाव वाचून तोंडाला पाणी सुटतंय. संध्याकाळी गेर्गेयची पोरगी रस्त्यात भेटली, तर पँट दाखवण्यासाठी तिने गिरकी घेतली. छान बसलीय, काय बोलणार.

१५ फेब्रुवारी

काही नाही. आदोर्यान आज मला बघून हसला. त्याला हसता येतं हे माहीत नव्हतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

नेनी खोटं बोलते हे एकदाचं सिद्ध करायचं म्हणून आज दुपारी सरळ बांधणीवाल्याकडे गेले. कारखाना तिसा नदीच्या बाजूला, एका अंगणात मागे. काझ्मेर बाची म्हणून म्हातारे आहेत, एप्रनवर सरसाचे थर. मासिकाचं नाव सांगितलं, तर त्यांनी कोपऱ्यातल्या लाकडी दाबयंत्राकडे बोट केलं. दोन फळ्यांमध्ये अंकांची चवड.

होता! खालून चौथा.

नेनी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. डिसेंबरचा अंक अजून अमेरिकेतून यायचाय, त्यामुळे वर्षाचा खंड अडलाय, म्हणून सगळे अंक इथे दाबून ठेवलेत. चॉकलेटची पेटी फुकट गेली.

"मी घेऊन जाते. परत आणून देईन," मी म्हटलं.

"न बांधलेला अंक माझ्या दारातून बाहेर जात नाही, बाई. पानं हरवली की नाव माझं जातं. इथे बसून वाचा की. ते टोपीवाले साहेबही इथेच बसून वाचतात."

"कोण टोपीवाले?"

"दर बुधवारी येतात, पाच वाजता. तुमच्याच संस्थेतले. दीड महिना झाला. बसा ना, कॉफी टाकतो."

कॉफी आली. कपात चमचा उभा होता. मूठ वाकडी, टोकाला लाल ठिपका.

"हा चमचा?"

"साहेबांनीच आणला. मी आधी सुरीने ढवळायचो, ते त्यांना बघवेना."

मी घड्याळ पाहिलं आणि कॉफी अर्धी टाकून मागच्या अंगणातून पळाले. पळून जायचं काम खरं त्याचं होतं!

२२ फेब्रुवारी, गुरुवार

काझ्मेर बाचींबरोबर तह झाला : बुधवार टोपीवाल्या साहेबांचा, गुरुवार माझा.

आज चार तास वाचलं. हे लोक आपल्यासारखेच विचार करतात! छोटे छोटे प्रोग्रॅम, प्रत्येकाने एकच काम करायचं, एकाने काढलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. दोन ठिकाणी तर त्यांचं आमच्यापेक्षा सुबक आहे (इथेच लिहिते, गेर्गेयला सांगणार नाही). एका ठिकाणी आमचं त्यांच्याहून चांगलं आहे (हे सगळ्यांना सांगणार).

बाचींना खोदून विचारलं, साहेब काय उतरवून घेतात?

"मला काय कळणार. निळी शाई वापरतात. मधेच हसतात."

"आदोर्यान? हसतो?"

"काल तर मोठ्याने म्हणाले, 'तरी ती सांगत होती!' मी विचारलं, कोण? तर म्हणाले, काही नाही, पंखा लावा."

फेब्रुवारीत पंखा! त्याच्या डोक्यात काय शिजतंय कोण जाणे. ती म्हणजे कोण? बायको असेल.

१ मार्च, गुरुवार

वाचून संपलं. तक्ते तयार. मी तयार.

बाचींना नवा चमचा नेऊन दिला, चांगला स्टीलचा, आणि आपला लाल ठिपक्याचा पर्समध्ये टाकला. बैठकीत जिंकले की तो टेबलाच्या मधोमध ठेवणार. उपसंचालकांनी संस्थेच्या मालमत्तेची केलेली चोरी! मंत्रालयाच्या माणसासमोर!

५ मार्च, सोमवार

कॅलेंडरवर आज आदोर्यान. सगळी संस्था त्याच्या खोलीत. पालिंकाचा, त्या फळांच्या कडक दारूचा, वास जिन्यापर्यंत. पिरोश्का नेनी मला न्यायला वर आली.

"चल मुली, दोन मिनिटं. हात मिळव आणि ये."

"उद्या मी त्याचा मुडदा पाडणार आहे. आज फुलं कशी देऊ?"

"फुलं दोन्ही वेळेला देतात," नेनी म्हणाली आणि एकटीच गेली.

मी गेले नाही. जानेवारीत विसरले होते. आज मात्र विसरले नाही, मुद्दाम गेले नाही. फरक आहे. मी मान ताठ ठेवून तक्त्यांवर रंग भरले.

६ मार्च, मंगळवार

जिंकलो! जिंकलो!!

मात्र मी एक शब्दही बोलले नाही. तक्ते गुंडाळलेलेच राहिले. हे कसं झालं ते नीट लिहून ठेवते.

पहिली पाळी आदोर्यानची. उभा राहिला, हातात निळ्या शाईच्या कागदांचा गठ्ठा. म्हणाला, "वर्षभर मी मोठ्या यंत्राची बाजू मांडली. ती मागे घेतो."

मंत्रालयाचा माणूस पोगाचा चावत होता, तो थांबला. आदोर्यान वाचू लागला. तो अंक त्याने हंगेरियनमध्ये उतरवला होता – स्वतः, वाक्यावाक्याने, आणि भाषांतर चांगलं होतं! मला एकच शब्द खटकला. मग कागद खाली ठेवून म्हणाला, "हे तिथे आता छापून आलंय. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर चार माणसांनी ते आधीच चालवून दाखवलंय. चाळीस माणसं कशाला हवीत, हे मला आता सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगावं."

संचालकांनी आमची छोटी सिस्टिम तिथल्या तिथे मंजूर केली. मंत्रालयाच्या माणसाने मंत्रालय जसं बघतं तसं आदोर्यानकडे बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर आदोर्यानला जिन्यात गाठलं. "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बाजू बदलली असती. मी तुमच्या बाजूला आलोय म्हटल्यावर तुम्ही तिथे राहिला नसता."

हे खोटं आहे. बहुतेक.

"आणि तो अंक इथे मागवून का नाही वाचलात? बांधणीवाल्याकडे काय म्हणून?"

"उपसंचालक आपलं मत तपासून बघतोय, ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बुडापेस्टला पोचली असती. आधी मला खात्री करायची होती." टोपी घातली. दोन पायऱ्या उतरला, वळला. "आणि हो – नामदिनाच्या शुभेच्छा, नोरा."

कॉम्रेड नाही म्हणाला.

चमचा पर्समधून काढायचा राहिलाच. अर्थात मी बोलले असते तर बैठक अधिक रंगली असती. पण निकाल तोच, तेव्हा तक्रार नाही. टेबलावर एवढी फुलं आहेत की कॉफीचा कप ठेवायला जागा नाही. चौघांनी पालिंका घेतली. गेर्गेयने सगळ्यांना मिठ्या मारल्या.

८ मार्च, गुरुवार

महिला दिन. सगळ्या बायका हातात फुलं घेऊन पायऱ्या चढत होत्या. मी एकटी कुंडी घेऊन उतरत होते.

काल बुडापेस्टहून फोन आला होता. आज सकाळपासून आदोर्यान तळमजल्यावर, पगारपत्रकांच्या विभागात. खोली बंद होती, तो जेवायला गेला असावा. शिपायाने दार उघडून दिलं. टेबलावर टोपी आणि एक कप, थंड झालेली कॉफी. कपात पेन्सिल.

आठ दिवस चालतं, आई म्हणायची. सायक्लेमेन त्याच्या टेबलावर ठेवलं. पेन्सिल पुसून खणात टाकली आणि चमचा कुंडीतल्या मातीत खोचला, लाल ठिपका वर येईल असा.

दार हळूच लावून घेतलं.