सगुणाच्या हातांसाठी एस्टर

४ जानेवारी, सकाळी ७
सगुणाच्या हातांना परत भेगा. काल तांदळाची भाकरी थापताना रक्त आलं, मला बघवेना. डॉक्टर म्हणाले, साबणाचं पाणी टाळा. हा काय उपाय झाला? पुतण्याची, विकीची हळद २५ला. भाकऱ्या सगळ्यांना हिच्याच हातच्या लागतात. तोवर हात बरे करून दाखवणारच. केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, म्हणजे मी जवळजवळ केमिस्टच.

५ जानेवारी
लेकीला फोन. जागृती कॉस्मेटिक कंपनीत लॅबला आहे. तिने सांगितलं, फॅटी ॲसिड आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनतं. ते कोरड्या कातडीच्या फटींत बसतं, चिकटही लागत नाही. मला माहीतच होतं. पुढे म्हणाली, पण पप्पा, आई दिवसभर साबणात हात घालणार असेल तर एस्टर बिचारं काय करणार? आईचीच बाजू घेते नेहमी.

९ जानेवारी
लिटरभर एस्टर आलं. खोबरेलापासूनचं. पामचं नकोच म्हटलं, त्यासाठी तिकडे जंगलं तोडतात. सगुणाने रबरी हातमोजे मागितले. समजावलं की असला कचरा शेवटी डंपिंगवरच जातो. ती परत भांड्यांकडे वळली. पटलं असावं.

१२ जानेवारी
क्रीमचा पहिला घाणा फाटला. पाणी खाली, तेल वर. मिक्सर जुना झालाय. पाच पातेली तेलकट झाली, सगुणा तासभर घासत होती. साध्या पाण्याने निघत नाही म्हणजे माल अस्सल.

१५ जानेवारी
चौथा घाणा जमला! माझ्या कोपराला लावून पाहिला, एकदम मऊ. सगुणाला म्हटलं, लाव. म्हणाली, तुमची भांडी तर होऊ द्या आधी. मग राहूनच गेलं. हात जास्तच लाल दिसले. थंडी फार आहे यंदा. तरी मनाला लागलंय.

१७ जानेवारी
सगुणा बहिणीकडे गेली, विठ्ठलवाडीला. हळदीला तिथूनच येईन म्हणाली. क्रीमची डबी बॅगेजवळ ठेवली होती. घर खायला उठतंय. भांडी सिंकमध्ये आहेत, आल्यावर बघेल.

२४ जानेवारी, दुपारी ४
जागृतीचा फोन. आईचे हात भरत आलेत, आज कांतामावशीकडे भाकऱ्या थापल्या म्हणे. मी म्हटलं, बघितलंस बापाचं क्रीम? तिने घाईने फोन ठेवला. वर्तकनगर नाक्यावरून पेढे आणले. ठेवायला फ्रिज उघडला. डबी आत, मागच्या कोपऱ्यात होती. मी लावलेलं सील तसंच.

२५ जानेवारी, दुपारी १
सकाळी सिंकसमोर उभा राहिलो. दीड तास लागला. साबण संपला, बोटं चुरचुरतायत.
सगुणाचा फोन आला. हिरवी साडी आणा म्हणाली. भांड्यांचं विचारलं नाही. मला रडूच आलं.
खाली जाऊन हातमोजे मागितले. दुकानदाराने विचारलं, वहिनींचं माप काय? चौतीस वर्षांचा संसार, सांगता येईना. शेवटी माझ्या मापाचे घेतले.