तुमच्या नंबरावर गेलेले निरोप

भाऊ, आज डोकं जाम फिरलंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी चिडचिड ऐकवायला तुमच्या या लेकीला अजून तुम्हीच लागता.

तुम्ही कामशेतच्या गाळ्यात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचात, मी लोणावळ्यात खोलीत बसून कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. एका दवाखान्याची कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर आहे, त्याला जोडायचं छोटंसं प्लगिन करतेय. पेशंटची तारीख जवळ आली की मोबाईलवर निरोप जावा, बस्स एवढंच. तिकडं बसवण्याआधी माझ्याच लॅपटॉपवर तपासायचं. पण ते मेलं सॉफ्टवेअर! मी ओळ बदलते आणि ते आपलं जुनीच प्रत चालवतं. दर खेपेला बंद करा, परत चालू करा. दोन दिवस मी स्वतःलाच मूर्ख म्हणत होते. तपासायला खोटा पेशंट लागतो, त्याच्यापुढं मी तुमचा नंबर टाकला. तोंडपाठ तेवढा एकच आहे. लॅपटॉपवर निरोप अडवून ठेवायची सोय असते, ती बसवायचा कंटाळा केला. म्हटलं, बंद नंबर, कुणाला त्रास होणारे?

आज दवाखान्यातून फोन. वडिवळ्याचे एक आबा सकाळपासून बाकावर बसून आहेत, मोबाईल दाखवतात आणि हलत नाहीत. तुमचा नंबर आता त्यांच्याकडं आहे. मी धावत गेले, हात जोडले, सांगितलं, चूक माझी, तुम्हाला काही झालेलं नाही.

"आठ येळा निरोप आला गं," ते म्हणाले. "मला वाटलं लय मोटा आजार हाय आन् घरचे लपवत्यात. दोन दिस अन्न ग्वाड लागलं न्हाई."

शाळेत असताना मी एकदा न तपासलेली मोटार गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती, तेव्हा तुम्ही भर गाळ्यात झापलं होतंत, "आपल्या हौदात बघायचं. लोकाच्या हिरीवर प्रयोग करायचा न्हाई!" तेव्हा राग आला होता. आज आबांसमोर मान वर होईना.

ऑफिसात सांगितलं, तपासताना चुकून झालं. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून इथं खरं लिहिते. प्लगिन तिसऱ्या खेपेलाच नीट चाललं होतं. पुढचे पाच निरोप मी उगाच पाठवले. तुमच्या नंबरापुढं 'पोहोचला' असं उमटायचं, ते बघायला. बंद नंबरावर निरोप पोहोचत नाही, एवढं मला कळत होतं हो भाऊ.