आलो की बदलतो

१२ जुलै १९९३, सोमवार
मागच्या खोलीतला दिवा आज पुन्हा लुकलुकला. सासूबाई झोपतात तिथे, पण त्या कुरकुरत नाहीत. कुरकुरते ती मीच.
हे स्वतः वायरमन. मस्कतला निघाले त्या सकाळी याच खोलीचं वायरिंग उरकत होते. तांब्याची वायर हातभर कमी पडली, टॅक्सी दारात. मग शेतावरच्या पंपाच्या ॲल्युमिनियमच्या वायरचा तुकडा घेतला, तांब्याला पिळला, वर काळी टेप. "तात्पुरतं आहे गं. आलो की बदलतो." लोक बायकोचा निरोप घेतात, आमचे स्टुलावर!
त्याला दीड वर्ष झालं.

१६ जुलै, शुक्रवार
आज शाळेत आठवीला शिकवलं, 'धातूंतून वीज का वाहते'. नेहमीचंच. धातूच्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात. रेटा मिळाला की सरकतात. रबरात, प्लास्टिकमध्ये जो तो आपापल्या घरी घट्ट. एकीने विचारलं, बाई, तांबंच का? म्हटलं, चांदी त्याहून सरस, पण घरात चांदीच्या तारा घातल्या तर चोर दिवे ठेवतील का?
मग सांगितलं, इलेक्ट्रॉन स्वतः मुंगीहून हळू. घरच्या विजेत तर जागच्या जागी पुढेमागे. कोणाला पटेना. मग दिवा लगेच कसा लागतो? तर तार आधीच भरलेली असते. इथे ढकललं की तिथे हलतं, त्याला कोणी चालत यावं लागत नाही.
एवढं बोलले आणि फळा पुसायला वळले.
ह्यांचा फोन शुक्रवारी शेजारी येतो. आजही नाही. गेल्या महिन्यापासून नाही.

२५ जुलै, रविवार
आपट्याहून दीर आले, जनार्दन. टेप बघितली नि तोंड वाकडं. "वहिनी, तांब्याला ॲल्युमिनियम असा थेट जोडतात काय? पावसाल्यात सडतंय, मंग तापतंय."
माहीत आहे की. दमट हवेत सांध्यावर गंज धरतो, वाट अडते, अडली की तापते. शिकवते मी ते. पण म्हटलं, राहू दे. हे म्हणालेत, आलो की बदलतो.
सासूबाई करंज्याहून आणलेली सुकट निवडत होत्या. मान वर न करता, "तार बदलली तं पोरगा यायचा नाय काय?"
"हो, तसंच समजा." फटकन बोलले. दीर चहा न घेता गेले.
संध्याकाळी सासूबाईंनीच विषय काढला. शाळेत काय शिकवतेस ते सांग म्हणाल्या. सांगितलं.
"म्हंजे मोकला असल तोच कामाचा?"
"तारेत तरी."
"मंग माझा पोरगा तांब्याचा हाय. घराला बांधलेला नवताच कदी." हसल्या. मग बराच वेळ सुकटच निवडत बसल्या.
अहो, तुमची फार आठवण येते. वहीत लिहायला कोण अडवतंय.

३ ऑगस्ट, मंगळवार
शाळेतून आले तर घरात जळका वास. सासूबाईंना वाटलं, शेजारी बोंबील भाजतायत. मागच्या खोलीत टेप वितळून ओघळलेली, भिंत काळी. खाली हातभरावर त्यांची मच्छरदाणी.
मेन पाडला. मच्छरदाणी ओढून काढली. माझ्या हट्टाने म्हातारी...
नको.

४ ऑगस्ट
दीर तांब्याची नवी वायर घेऊन आले. मेन पाडलेलाच होता, तरी टेस्टर लावून बघितलं. स्टूल मांडलं, पक्कड माझ्या हातात दिली. "तुमीच कापा."
टेप निघाली. हे डावखुरे, त्यामुळे पीळ उलटा. बोटांनी घट्ट पिळून, मग पकडीने दाबलेला. ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा झालेलं, तांबं हिरवट. तरी पीळ सुटलेला नव्हता. कापला. रडले. दीर बाहेर जाऊन उभे राहिले.
तुकडा सासूबाईंनी मागितला. आधी त्यांनी पदरात घेतला, मग मला परत दिला.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
फोन!! शेजारची हाक आली तशी पिठाच्या हातांनी पळाले. मागोमाग सासूबाई. लाइन खरखरत होती. तब्येत बरी, मुक्काम बदलला, तिथे फोन लांब पडतो. कधी येणार ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
मग म्हणाले, "मागचा दिवा नीट लागतो ना?"
"कसला नीट! लुकलुकतो."
"कोणाला हात लावू देऊ नकोस. मी आलो की..."
लाइन तुटली. पुन्हा लागली नाही.
सासूबाई शेजारीच उभ्या. सगळं ऐकलं. वाटेत एवढंच म्हणाल्या, "बरा सांगितलास."
घरी आलो. मागच्या खोलीत दिवा लख्ख. जरासुद्धा हलत नाही मेला.